सरकारचे कर्ज, देश बुडण्याची भीती आणि आपली ठेव

देवगडकडच्या एका निवृत्त शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : "केंद्र सरकार वर्षाला पंधरा लाख कोटी रुपयांहून अधिक कर्ज काढते, राज्यावरचे कर्ज नऊ लाख कोटींच्या पुढे गेले आहे आणि नव्या कर्जातून जुन्याचे व्याज भागवले जाते, असे वाचतो. श्रीलंकेचे २०२२ मध्ये जे झाले ते आपले होणार नाही कशावरून? माझी निवृत्तीची रक्कम पोस्टात आणि बँकेत आहे. ती काढून सोने घ्यावे, की आणखी थोडी आंब्याची कलमे लावावीत?"

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या ट्रेझरी आणि परकीय चलन विभागांत नोकरीचा बहुतेक काळ काढला आणि आता रत्नागिरीत राहतो. सरकारी रोखे, म्हणजे सरकारच्या कर्जाची कागदपत्रे, घेणे-विकणे हेच काम असल्यामुळे सरकारच्या कर्जाकडे मी धनकोच्या बाजूने पाहत आलो आहे आणि उत्तरही त्याच बाजूने देतो. भारत श्रीलंकेसारखा एका उन्हाळ्यात कोलमडेल अशी चिन्हे मला दिसत नाहीत. मात्र यावरून कर्ज निरुपद्रवी आहे असे निघत नाही. धोका आहे, तो आपण समजता त्यापेक्षा वेगळ्या जागी आहे आणि सर्वांत आधी तो ठेवीदाराच्याच अंगावर येतो.

पहिली गोष्ट आकड्याची. कर्ज किती आहे यावरून देश बुडेल की नाही हे ठरत नाही. जपानचे सरकारी कर्ज त्या देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या, म्हणजे जीडीपीच्या, दुपटीहून अधिक आहे आणि तरीही जपान बुडालेला नाही. उलट अर्जेंटिनाने २००१ मध्ये परतफेड थांबवली तेव्हा तिचे कर्ज जीडीपीच्या जेमतेम निम्म्याच्या आसपास होते. भारतात केंद्र आणि राज्ये मिळून हे प्रमाण सुमारे ८१-८२ टक्के आहे. हा आकडा चांगला नव्हे, पण नुसता आकडा पाहून घाबरणे किंवा निर्धास्त होणे दोन्ही व्यर्थ आहे. धनको तीन प्रश्न विचारतो : कर्ज कोणत्या चलनात आहे, ते कोणाकडून घेतले आहे, आणि त्याची मुदत केव्हा संपते. अर्जेंटिनाने १९९१ पासून आपला पेसो डॉलरला एकास एक असा बांधून ठेवला होता आणि कर्ज मोठ्या प्रमाणात डॉलरमध्ये होते. म्हणून निम्मे कर्जही तिला पेलवले नाही.

चलनाचा मुद्दा आपल्याला बागायतदार म्हणून चटकन लक्षात येईल. गावच्या विकास सोसायटीचे पीककर्ज रुपयांत असते. बागेत कमी पिकले तर मुंबईतल्या मुलाच्या पगारातून, काजू विकून, नाहीतर मुदत वाढवून घेऊन ते फेडता येते. पण पावसाळ्यात खतासाठी, मोहोर आणणाऱ्या कल्टारसाठी, फवारणीसाठी वाशीच्या दलालाकडून उचल घेतली, की ती पेट्यांनीच फेडावी लागते. भाव तो ठरवणार, हमाली-वाहतूक-कमिशन कापून पट्टी तो पाठवणार, आणि थंडी लांबली किंवा तुडतुड्याने मोहोर जळला तर पेट्या आणायच्या कुठून? पेट्या काही घरात तयार करता येत नाहीत. सरकारचे रुपयातले कर्ज हे सोसायटीच्या कर्जासारखे असते आणि डॉलरमधले कर्ज हे दलालाच्या उचलीसारखे. डॉलर निर्यातीतून, पर्यटकांकडून, परदेशी काम करणाऱ्यांनी घरी पाठवलेल्या पैशांतून मिळवावे लागतात. ते छापता येत नाहीत आणि करही डॉलरमध्ये वसूल करता येत नाही.

श्रीलंका नेमकी इथे अडकली. आधीच्या सरकारांनी आंतरराष्ट्रीय बाजारात डॉलरचे रोखे विकून खर्च भागवला होता. एप्रिल २०१९ मधील ईस्टरच्या बॉम्बस्फोटांनी आणि नंतर कोविडने पर्यटन बसले. २०१९ च्या अखेरीस मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणून सरकारने आपलाच महसूल तोडला. २०२१ मध्ये रासायनिक खतांवर अचानक बंदी घालून भात आणि चहा या दोन्ही पिकांना धक्का दिला. चहा हे डॉलर मिळवून देणारे पीक होते. १२ एप्रिल २०२२ रोजी सरकारने परकीय कर्जाची परतफेड थांबवत असल्याचे जाहीर केले. त्यानंतरची दृश्ये आपण दूरचित्रवाणीवर पाहिली आहेत. माझ्या लक्षात राहिले ते तिथल्या मच्छीमारांचे हाल : नौका किनाऱ्याला, समुद्र समोर, आणि इंजिनात घालायला रॉकेल नाही. हर्णै किंवा मिरकरवाडा बंदरात ऐन हंगामात महिनाभर डिझेल आले नाही तर काय होईल, याची कल्पना किनाऱ्यावर राहणाऱ्याला वेगळी सांगावी लागत नाही. महागाई सप्टेंबर २०२२ मध्ये ७० टक्क्यांच्या घरात गेली. राष्ट्राध्यक्षांना जुलैमध्येच देश सोडावा लागला होता.

आपल्याकडे असे कधी झालेच नाही, असे मात्र नाही. १९९१ साली आपण त्याच कड्यावर उभे होतो, आणि कोकणाने त्याची सुरुवात इतरांच्या आधी पाहिली होती. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळंकृत केले. तिथून पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले. रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांच्या खाडीकाठच्या कितीतरी गावांत घराघरातला एकेक माणूस आखातात होता. ती माणसे रिकाम्या हाताने परतली आणि दर महिन्याला येणारे ड्राफ्ट थांबले. देशाच्या हिशेबात हेच ड्राफ्ट म्हणजे परकीय चलन होते. त्यातच तेलाचे भाव भडकले, अनिवासी भारतीय आपल्या ठेवी काढून घेऊ लागले, अल्प मुदतीचे परकीय कर्ज नव्याने मिळेना, आणि दिल्लीत वर्षभरात दुसरे सरकार डळमळत होते.

त्या काळात आमच्या विभागात काय चालले होते ते थोडे सांगतो, कारण 'परकीय चलनाचे संकट' हा शब्दप्रयोग कानांवरून गेला तरी त्यात प्रत्यक्ष काय घडते हे कळत नाही. लोटे-परशुरामसारख्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याला परदेशातून एखादे रसायन आणायचे असेल, तर बँक त्याच्या वतीने पतपत्र, म्हणजे एलसी, उघडते. रिझर्व्ह बँकेने आयातीवर रोख मार्जिन लावले आणि ते वाढवत वाढवत बऱ्याच मालासाठी २०० टक्क्यांपर्यंत नेले. एक लाखाचा माल आणायचा असेल तर दोन लाख रुपये आधी बिनव्याजी बँकेत ठेवा, असा त्याचा अर्थ. ज्यांना हे शक्य नव्हते त्यांनी आयात थांबवली, आणि सरकारला नेमके तेच हवे होते. दुसरीकडे परदेशातल्या बँका आमच्यासारख्या सरकारी मालकीच्या बँकेच्या पतपत्रालाही 'आणखी एका बँकेची हमी जोडा' असे म्हणू लागल्या. ते टेलेक्स वाचताना देशाची पत म्हणजे काय हे जितके समजले, तितके नंतर कुठल्याही प्रशिक्षण वर्गात समजले नाही.

पुढचे सर्वश्रुत आहे. जून १९९१ मध्ये परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती राहिली. आधी २० टन सोने स्टेट बँकेमार्फत परदेशात विकले गेले. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण ठेवून सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. त्याच महिन्याच्या पहिल्या तीन दिवसांत रुपयाचे दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले. परतफेड मात्र एक दिवसही चुकली नाही. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो, कारण पुढची तीस वर्षे आपल्याला मिळालेल्या पतीच्या मुळाशी तो आहे.

आजची स्थिती त्या तुलनेत वेगळी आहे. देशाचे एकूण परकीय कर्ज, खासगी कंपन्यांचे धरून, मार्च २०२५ अखेर सुमारे ७३६ अब्ज डॉलर होते. त्यात सरकारचा वाटा एक चतुर्थांशाहून कमी. गंगाजळी साधारण ७०० अब्ज डॉलरच्या आसपास राहिली आहे. केंद्राच्या कर्जाचा फारच मोठा भाग रुपयांत आणि देशातच घेतलेला आहे. आपली श्रीलंका होणार नाही असे मी म्हणतो ते एवढ्यासाठी. राज्यकर्त्यांच्या शहाणपणावर माझा काही विशेष भरवसा आहे म्हणून नव्हे.

आता सरकारला कर्ज देतो कोण, हे पाहू. बहुतेक शुक्रवारी रिझर्व्ह बँकेच्या संगणक प्रणालीवर सरकारी रोख्यांचा लिलाव होतो. समजा दहा वर्षांचा रोखा विकायला आहे. सकाळी आमच्या खोलीत चर्चा असे ती पैशांच्या भावाची : सरकारला आज किती टक्क्यांनी द्यायचे. बँका, विमा कंपन्या, भविष्यनिर्वाह निधी, म्युच्युअल फंड आपापल्या बोली लावतात. जो कमी व्याज मागेल त्याला आधी रोखे मिळतात. रिझर्व्ह बँकेला मागितलेला दर फारच चढा वाटला तर ती काही बोली नाकारते आणि उरलेला माल 'प्रायमरी डीलर' म्हणून नेमलेल्या संस्थांच्या गळ्यात घालते. असे दोन-तीन आठवडे लागोपाठ झाले की बाजार काय सांगतो आहे ते अर्थ मंत्रालयाला कळते. वर्तमानपत्रांत त्याची बातमी आतल्या पानावर दोन ओळींची असते, पण सरकारच्या तब्येतीची माझ्या मते तीच सर्वांत खरी नोंद आहे.

या बोली लावणाऱ्यांच्या हातातला पैसा आपलाच असतो. केंद्राच्या रोख्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक बँकांकडे आहेत आणि सुमारे एक चतुर्थांश विमा कंपन्यांकडे. कायद्यानेच बँकांना आपल्या ठेवींच्या १८ टक्के रक्कम प्रामुख्याने सरकारी रोख्यांत ठेवावी लागते; नव्वदीच्या सुरुवातीला हे बंधन ३८.५ टक्के होते. आपण पोस्टात ठेवलेली रक्कम तर मध्ये कोणतीही बँक न येता थेट अल्पबचत निधीतून सरकारकडे जाते. म्हणजे प्रश्नकर्ते गुरुजी स्वतःच सरकारचे सावकार आहेत, फक्त त्यांना कोणी ते तसे सांगितलेले नाही.

राज्यकर्त्यांनी सावकाराच्या दारी जाणे आपल्याकडे नवे नाही. पहिल्या बाजीरावांच्या मोहिमांना चिपळूणजवळच्या परशुरामाच्या ब्रह्मेंद्रस्वामींनी कर्जे दिली होती, आणि त्या कर्जाच्या तगाद्याने बाजीराव किती गांजले होते हे त्यांच्या पत्रांतून दिसते. फरक असा की पेशव्यांचा सावकार नाराज झाला तर पुढची मोहीम अडे. आजच्या सरकारचा देशी सावकार विखुरलेला आहे, त्यातला बराचसा कायद्याने बांधलेला आहे, आणि तो तगादा लावायला जात नाही. देशी कर्जाचे हे बळ आहे आणि खोडही आहे. सरकारला वेळीच 'पुरे' म्हणणारा कोणी उरत नाही.

'पुरे' म्हणणारा बाजार कसा असतो हे ब्रिटनने सप्टेंबर २०२२ मध्ये पाहिले. नव्या पंतप्रधान लिझ ट्रस यांच्या सरकारने खर्चाची तोंडमिळवणी न दाखवता मोठ्या करकपाती जाहीर केल्या. काही दिवसांत सरकारी रोख्यांचे भाव असे कोसळले की निवृत्तिवेतन निधी अडचणीत आले आणि बँक ऑफ इंग्लंडला रोखे खरेदीसाठी उतरावे लागले. महिन्याभरात पंतप्रधानांना पद सोडावे लागले. कर्ज स्वतःच्या पौंडांतच होते, म्हणून देश बुडाला नाही, पण किंमत मोजावी लागलीच.

आता मूळ हिशेबाकडे येतो. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी रुपये धरला होता, महसुली जमा ३४.२० लाख कोटी, आणि व्याजापोटी १२.७६ लाख कोटी. म्हणजे कर आणि इतर उत्पन्नाच्या प्रत्येक शंभर रुपयांतले सदतीस व्याजासाठी धरले होते. वित्तीय तूट, म्हणजे वर्षाचे नवे कर्ज, १५.६९ लाख कोटी. या दोन आकड्यांतले अंतर तीन लाख कोटींच्या आतले आहे. तेव्हा 'नव्या कर्जातून जुन्याचे व्याज' हे आपण वाचलेले विधान फारसे अतिशयोक्त नाही. नवे कर्ज बहुतांशी जुन्याच्या व्याजाएवढेच असते.

तरीही हा गाडा चालतो, कारण उत्पन्नही वाढत असते. समजा कर्ज जीडीपीच्या ८० टक्के आहे, त्यावरचे सरासरी व्याज ७.२ टक्के आहे आणि महागाई धरून जीडीपी वर्षाला १० टक्क्यांनी वाढतो आहे. अशा वेळी सरकारने व्याजाव्यतिरिक्त जीडीपीच्या दोन टक्के जादा खर्च केला तरी कर्जाचे प्रमाण ८० वरच राहते, कारण भाजक, म्हणजे जीडीपी, वाढत असतो. हीच वाढ ६ टक्क्यांवर आली, तर खर्चाची सवय तीच असताना प्रमाण दर वर्षी जवळपास तीन टक्क्यांनी चढू लागते. दहा वर्षांत ८० चे ११० होते. कोणी नवी उधळपट्टी केलेली नसते, फक्त वाढ मंदावलेली असते. २०२०-२१ मध्ये कोविडमुळे जीडीपीच आकसला, केंद्राची तूट ९.२ टक्क्यांवर गेली, आणि केंद्र-राज्यांचे एकत्रित प्रमाण एका वर्षात ८८-८९ टक्क्यांच्या आसपास पोहोचले. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दापोलीवरून गेले, पुढच्या मे महिन्यात तौक्ते आले आणि जुलैत चिपळूण पाण्याखाली गेले. नारळ-पोफळीच्या बागा उभ्या करायला पंचनामे करून मदत द्यावी लागते, ती अशा वेळी कर्जातूनच येते. कर्ज कमी ठेवायचे ते याचसाठी : संकटाच्या वर्षी काढता यावे म्हणून.

कर्ज स्वतःच्या चलनात असले म्हणजे सरकार नोटा छापून ते फेडू शकते, हे खरे आहे. म्हणून रुपयातले कर्ज सरकारने बुडवण्याचा धोका फार कमी. पण छापून फेडलेले कर्ज कोणाच्या तरी खिशातून जातेच. १९९७ पर्यंत आपल्याकडे याची राजरोस सोय होती. केंद्राची रिझर्व्ह बँकेतली शिल्लक ठरावीक पातळीखाली गेली की आपोआप 'ॲड हॉक' हुंड्या निघत, त्यांवर व्याज फक्त ४.६ टक्के, आणि तेवढे पैसे बाजारात नव्याने येत. सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यातल्या १९९४ च्या करारानंतर ही पद्धत टप्प्याटप्प्याने बंद झाली. वित्तीय जबाबदारीचा कायदा २००३ चा. त्यानुसार एप्रिल २००६ पासून रिझर्व्ह बँक थेट सरकारकडून रोखे घेऊ शकत नाही. २०१६ पासून महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, २ ते ६ च्या मर्यादेत ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी तिच्यावर आहे. ही तीन कुलुपे ठेवीदारासाठी सोन्याच्या साठ्यापेक्षा मोलाची आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. जर्मनीत १९२३ मध्ये किंवा झिंबाब्वेत २००८ मध्ये भाव बेसुमार भडकून चलनाची जी माती झाली, ती अशी कुलुपे नसताना झाली.

कुलुपे असली तरी ती सैल करण्याचा मोह सरकारला कायम असतो, कारण कर्जबाजारी माणसाला महागाई सोयीची असते. १९७३ ते १९७५ या काळात घाऊक महागाई २० टक्क्यांच्या वर होती; त्या काळी पोस्टात किंवा बँकेत पैसे ठेवलेल्या नोकरदाराला व्याज मिळाले, मुद्दलही मिळाले, पण त्यातून घेता येणारा तांदूळ कमी झाला. आजही साधा हिशेब करून पाहा. एक लाखाच्या ठेवीवर ७ टक्के व्याज, त्यावर २० टक्के प्राप्तिकर, हाती ५,६०० रुपये. महागाई ६ टक्के असेल तर वर्षअखेरीस आपण चारशे रुपयांनी मागे. कोणी काही बुडवले नाही, वर्तमानपत्रात बातमी नाही. सरकारच्या कर्जाचा बोजा देशातल्या सावकारांवर बहुतेक वेळा अशाच मार्गाने उतरतो. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनने आपले डोंगराएवढे कर्ज असेच हलके केले : वाढ, महागाई, आणि बचतदारांना मिळणारे कमी व्याज.

राज्य सरकारचा प्रश्न याहून वेगळा आहे आणि मला तो जास्त काळजीचा वाटतो. राज्याला नोटा छापता येत नाहीत. संविधानाच्या अनुच्छेद २९३ मुळे केंद्राचे कर्ज शिल्लक असलेल्या राज्याला केंद्राच्या संमतीशिवाय नवे कर्ज काढता येत नाही. त्यामुळे राज्य दिवाळखोर होत नाही. ते देणी लांबवते. महाराष्ट्रात २०२५ मध्ये थकलेल्या देयकांसाठी कंत्राटदारांनी आंदोलने केली, ती याचीच खूण. तालुक्यातल्या पाणी योजनेची टाकी अर्धवट उभी राहते तेव्हा त्यामागे बहुधा असेच एखादे थकलेले बिल असते. कर्जाच्या आकड्यात हे बिल कुठेच दिसत नाही. महामंडळांच्या कर्जांना राज्याने दिलेल्या थकहम्याही, म्हणजे 'त्यांनी फेडले नाही तर आम्ही फेडू' अशा हम्याही, त्यात धरलेल्या नसतात, आणि महामंडळ हप्ता चुकले की त्या एका दिवसात खऱ्या कर्जात बदलतात. केंद्रानेही अन्न महामंडळाला अल्पबचत निधीतून कर्ज घ्यायला लावून अन्न अनुदानाचा मोठा हिस्सा वर्षानुवर्षे तुटीबाहेर ठेवला होता. २०२१ च्या अर्थसंकल्पात ते ताळेबंदावर आणले गेले, तेव्हा त्या वर्षाची तूट एकदम फुगलेली दिसली. लपवलेले उघडे करणे चांगलेच झाले.

कर्ज कशासाठी काढले, हा प्रश्न उरतो, आणि कोकणात त्याचे उत्तर रुळांवरून धावते. कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये स्थापन झाले, बाजारात रोखे विकून त्याने मोठी रक्कम उभी केली आणि १९९८ मध्ये रोहा ते मंगळूरजवळचे ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण सुरू झाला. व्यवहार म्हणून पाहिले तर हा हिशेब जुळला नाही. भाड्यातून व्याज निघेना; पुढे रेल्वे मंत्रालयाला येणे असलेल्या रकमेचे भागभांडवलात रूपांतर करून महामंडळाचा ताळेबंद सावरावा लागला, आणि २०२५ मध्ये महाराष्ट्राने भारतीय रेल्वेत विलीनीकरणाला संमती दिली. तरीही ते कर्ज वाया गेले असे सावंतवाडीपासून माणगावपर्यंत कोणी म्हणेल असे वाटत नाही. रात्री गाडीत बसून सकाळी दादरला उतरणारा चाकरमानी, कुडाळच्या रुग्णाला मिळालेली वाट, पर्यटकांमुळे उघडलेल्या खानावळी, यांतून वाढलेले उत्पन्न महामंडळाच्या वहीत येत नाही, पण देशाच्या जीडीपीत येते. याच्या शेजारी मुंबई-गोवा महामार्ग ठेवून पाहा. पनवेल-इंदापूर टप्प्याचे काम २०११ मध्ये सुरू झाले. काम रखडते तेव्हा व्याज मात्र रखडत नाही. उत्पन्न सुरू होण्याआधीच कर्ज जुने होते.

म्हणून अर्थसंकल्पात मी आधी वित्तीय तूट पाहत नाही, महसुली तूट पाहतो : रोजच्या खर्चासाठी, पगार-निवृत्तिवेतन-व्याज-अनुदानांसाठी किती कर्ज काढले. ऋण काढून सण साजरा करणे ते हेच. केंद्राची महसुली तूट २०२५-२६ च्या अंदाजात जीडीपीच्या १.५ टक्के होती, म्हणजे नव्या कर्जातला एक तृतीयांश भाग सणात गेला आणि उरलेला भांडवली खर्चाकडे. काही वर्षांपूर्वीपेक्षा हे बरे आहे. महाराष्ट्राने त्याच वर्षी सुमारे ४५,९०० कोटींची महसुली तूट दाखवली. त्या अर्थसंकल्पात एकट्या लाडकी बहीण योजनेसाठी ३६,००० कोटींची तरतूद होती. दीड हजार रुपये महिना एखाद्या मासळी विकणाऱ्या बाईच्या घरात काय करतात हे मी जाणतो, आणि योजनेच्या गुणदोषांत इथे शिरत नाही. कायमचा खर्च कायमच्या उत्पन्नातून व्हावा, कर्जातून नव्हे, एवढेच माझे म्हणणे आहे; मग त्यासाठी कर वाढवावा लागला तरी तसे मोकळेपणाने सांगावे.

आता आपल्या रकमेविषयी. पोस्टातील वरिष्ठ नागरिक योजनेमागे थेट केंद्र सरकार उभे आहे, आणि ८.२ टक्के हा २०२५ मधला दर महागाईच्या मानाने चांगला आहे. ती मोडून सोने घेऊ नये. सोने वाईट नाही, रिझर्व्ह बँकेनेही २०२३-२४ मध्ये इंग्लंडमधले १०० टन सोने मायदेशी आणले. पण सोने दर तीन महिन्यांनी व्याज देत नाही आणि निवृत्त माणसाला खर्चाला पैसे लागतात. बचतीचा दहावा हिस्सा सोन्यात असला तर पुष्कळ झाले. बँकेतल्या ठेवीचा धोका सरकारच्या कर्जाशी फारसा जोडलेला नाही, तो त्या बँकेच्या कारभाराशी जोडलेला आहे. ठेव विमा प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराला, व्याज धरून, पाच लाखांपर्यंत आहे. सहकारी बँकेत किंवा लहान बँकेत यापेक्षा अधिक असेल तर ती रक्कम विभागून ठेवावी, आणि हे या महिन्यातच करावे. पतसंस्थेतल्या ठेवीला हे विमासंरक्षण नाही, हेही लक्षात असू द्यावे. अधिक व्याजासाठी तिकडे वळणाऱ्या निवृत्त माणसांना मी नेहमी अडवतो. दीर्घ मुदतीसाठी रक्कम बाजूला ठेवता येत असेल, तर सात वर्षांचे बदलत्या दराचे सरकारी बचत रोखे पाहावेत. व्याजदर वाढले तर त्यांचा दरही वाढतो, त्यामुळे महागाईच्या काळात ते ठरावीक दराच्या ठेवीपेक्षा कमी झिजतात. नोव्हेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या 'रिटेल डायरेक्ट' खात्यातून सामान्य माणसाला थेट सरकारी रोखेही घेता येतात. मात्र दहा किंवा तीस वर्षांचा रोखा मध्येच विकायची वेळ आली आणि तोवर दर चढलेले असले, तर जुन्या, कमी व्याजाच्या रोख्याचा भाव उतरून शंभराचे नव्वद हाती येतील, हे जाणूनच तिकडे जावे.

कलमांबद्दल माझा अधिकार नाही. एवढे सांगतो की नवी कलमे उत्पन्न द्यायला आठ-दहा वर्षे घेतील. तोवरच्या खताचा, गड्यांचा, फवारणीचा खर्च पेन्शनमधून निघत असेल तर अवश्य लावावीत. त्यासाठी वाशीहून उचल घ्यावी लागणार असेल तर थांबावे. आणि दर वर्षी १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प सादर झाला की दोन आकडे वहीत लिहून ठेवावेत : व्याजाचे महसुली जमेशी प्रमाण, जे २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात सदतीसच्या घरात होते, आणि महसुली तूट. पहिला पंचेचाळीसकडे सरकू लागला आणि त्याच सुमारास महागाईची ६ टक्क्यांची मर्यादा बदलण्याची किंवा रिझर्व्ह बँकेने पुन्हा थेट सरकारकडून रोखे घेण्याची भाषा दिल्लीत सुरू झाली, तर मला पुन्हा लिहावे. तेव्हा माझा सल्ला वेगळा असेल.